चालकाची शांतता

"मॅडम, आता जरा चिडून बोला," तन्मय म्हणाला आणि शोरूमच्या त्या काचबंद खोलीत बसलेले सगळे इंगवले हसायला लागले.

सगळे म्हणजे अख्खी फौज. हर्षदाचे सासरे आबा, सासूबाई माई, नवरा संग्राम आणि बारा वर्षांची सान्वी. कोल्हापुरात महागडी गाडी घ्यायची म्हणजे घरातलं एकही माणूस मागे राहून चालत नाही. गाडी कुठली हा प्रश्न नव्हताच. संग्रामच्या फौंड्रीवाल्या मित्रांनी घेतली होती तीच, फक्त त्यांच्यापेक्षा एक पायरी वरची. घोडं अडलं होतं साउंड सिस्टिमवर. आणि तिथे संग्राम अशा काही चिकित्सेला लागला होता, की बायको बघतानासुद्धा या माणसाने एवढं बघितलं नव्हतं.

पहिली सिस्टिम नुसत्या दणक्याची. आबांनी छातीवर हात ठेवला, ती बाद झाली. दुसरीत प्रत्येक सीटला आपापलं गाणं, शेजारच्याला पत्तासुद्धा लागणार नाही. माई म्हणाल्या, "मग एका गाडीतून जायचं कशाला?" तीही बाद. तिसरी सगळ्यांत महाग. तिच्यावर आल्याबरोबर तन्मय, म्हणजे तिथला ध्वनी सल्लागार, खुर्ची पुढे ओढून बसला.

"आवाज म्हणजे हवेतली लाट, सर. लाटेला उंचवटा असतो आणि खड्डा असतो. जिथे उंचवटा येतोय तिथे बरोबर तेवढाच खड्डा नेऊन ठेवला, की दोन्ही मिळून सपाट. विमानात लोक हेडफोन घालतात त्यात हेच असतं. पण हेडफोन सरसकट घरघर मारतो. ही सिस्टिम आवाज ओळखते. डोकं टेकायच्या उशीत दोन्ही कानांजवळ बारीक माइक आणि बारीक स्पीकर आहेत. मागच्या सीटवरून कुणी बोललं, की त्याचा मूळ आवाज तुमच्या कानापाशी पुसला जातो आणि त्याच क्षणी तोच आवाज, त्याच माणसाचा, स्वच्छ करून उशीतून ऐकू येतो. एकशे वीसच्या स्पीडला आबासाहेब मागून कुजबुजले तरी ऐकाल तुम्ही."

"स्वच्छ करून म्हणजे?" हर्षदाने विचारलं. ती पॅथॉलॉजिस्ट होती, कागलला तिची स्वतःची लॅब होती. स्वच्छ हा शब्द तिच्या धंद्यातला.

"खरखर काढून, मॅडम. बाकी काही नाही."

त्यासाठी यंत्राला घरातल्या प्रत्येकाचा आवाज शिकवावा लागत होता. साधं बोलणं, हसणं, आणि मग चिडणं. आबांनी कामगारांवर ओरडून दाखवलं. सान्वीने लाजत लाजत पाय आपटले. हर्षदाची पाळी आली तेव्हा तिने पदर खोचल्याचं नाटक केलं आणि माइकसमोर कडाडली, "अहो, किती वेळा सांगायचं तुम्हाला! कानात बोळे घातलेत का?"

काय हशा पिकला म्हणता! माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. संग्राम टाळी देत तन्मयला म्हणाला, "घ्या. आता यंत्राला माझी बायको कळली." सिस्टिम पक्की झाली. आपला कुठला आवाज पुसायचा, हे हर्षदाने स्वतःच्या तोंडाने त्या मेल्या यंत्राला शिकवलं, वर तन्मयने आणलेला पेढाही खाल्ला.

आता इंगवल्यांच्या घरात गाडी ही काय वस्तू होती ते सांगायला हवं. आबांची बायपास झाल्यापासून घरात आवाज चढवायचा नाही असा दंडक होता. खरं म्हणजे तो दंडक आधीपासूनचाच, बायपासने त्याला नुसता डॉक्टरचा शिक्का मिळाला. सुनांचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये ही त्या घराची जुनी हौस. म्हणून हर्षदा घरात संग्रामला 'अहो' म्हणायची, हळू बोलायची आणि तोंडातलं सगळं गाडीसाठी राखून ठेवायची. सकाळी तिघं एकत्र निघायची. सान्वीची शाळा हायवेलाच, पुढे कागलला हर्षदाची लॅब, त्याच्या पुढे संग्रामची फौंड्री. सोसायटीचं फाटक ओलांडलं की 'अहो'चा 'अरे संग्राम' व्हायचा, काचा वर जायच्या आणि दोघं कचाकचा भांडायची. काय काय निस्तरलं होतं त्या जुन्या गाडीत! हर्षदाची लॅब काढायला आबांचा विरोध होता, तो मोडायचं गाडीतच ठरलं. संग्रामने परस्पर भावाला जागा देऊन टाकली, त्यावरून तो गाडीत रडला होता. भांडण झालं की शिरोली नाक्यावर नाहीतर उजळाईवाडीपाशी उसाचा रस प्यायचा आणि मिटवायचं. कुणाला हसू येईल, पण त्यांचा संसार त्या गाडीने टिकवला होता.

आणि मग ही नवी आली.

त्या उन्हाळ्यात संग्रामच्या डोक्यात शाळेचं खूळ शिरलं. म्हैसूरच्या बाजूला कुठलीशी निवासी शाळा, घोडे काय, तलाव काय, फौंड्रीवाल्या दोन मित्रांची पोरं तिथेच. सान्वीला तिथे टाकायचं. हर्षदाने पहिल्याच दिवशी गाडीत सांगितलं, "नको. अजिबात नको. बारा वर्षांची पोर मी कुठे पाठवणार नाही." नुसतं सांगितलं नाही, डॅशबोर्डवर हात आपटून सांगितलं. मागून सान्वी रडायला लागली, "बाबा, मला नाही जायचं, नको ना बाबा!"

संग्राम समोर बघत गाडी चालवत होता. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. "बघू गं," तो म्हणाला. "सुरुवातीला वाटतं तसं. होईल सवय."

दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. हर्षदा घसा फोडून ओरडायची आणि हा बाबा मंद हसून "बरं, बरं" म्हणायचा. एकदा तर म्हणाला, "तू म्हणतेस त्यातही मुद्दा आहे," आणि त्याच दिवशी जाऊन प्रवेश पक्का करून आला. तिला कळेना. या माणसाला झालंय काय? आधी एका वाक्याला दोन वाक्यं फेकायचा, आता अंगावर माशी बसल्याएवढाही हलत नाही. पैसा चढला डोक्यात? दुसरं कुणी भेटलं? ती रात्रंदिवस धुमसत राहिली. घरात बोलायची सोय नाही आणि गाडीत बोललेलं कुठे जातंय ते समजत नाही. सान्वी आधी आठवडाभर रडली, मग कमी रडली, मग गप्प झाली.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला गेली, म्हणून दोघं फौंड्रीच्या जुन्या पिकअपमधून निघाली. सान्वी घरी बॅग भरत होती. पिकअपमध्ये कुठली सिस्टिम, एक काचसुद्धा धड वर होत नव्हती. हर्षदा रोजच्यासारखीच म्हणाली, अगदी रोजच्याच आवाजात, "संग्राम, मी शेवटचं सांगते, पोरगी जाणार नाही!"

संग्रामने करकचून ब्रेक मारला. मागचा टेंपोवाला शिव्या घालत पुढे गेला.

"अगं, केवढ्याने! काय झालंय काय तुला आज?"

"आज?"

"आजच एकदम एवढं अंगावर आलीस म्हणून विचारतो. गाडी घेतल्यापासून किती शांत झाली होतीस. मी आबांनासुद्धा सांगितलं."

हर्षदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना त्याची डावी भुवई उडते, ती जागच्या जागी होती.

"आणि सान्वी रोज रडायची ते?"

"सान्वी? कधी रडली?" संग्राम खरोखर गोंधळला. "नको म्हणायची, मान्य आहे. पण नको असं म्हणायची जसं काही..." तेवढ्यात फौंड्रीतून फोन आला, भट्टीवर काहीतरी अडलं होतं, आणि तो कानाला फोन लावून तिला लॅबपाशी सोडून गेला.

हर्षदा लॅबमध्ये गेलीच नाही. रिक्षा केली आणि उलटी शोरूमला आली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"ड्रायव्हरच्या सीटवर बस," ती तन्मयला म्हणाली. सर्व्हिसिंग झालेली त्यांची गाडी तिथेच चकचकीत उभी होती.

"मॅडम, मी अपॉइंटमेंट..."

"बस म्हटलं ना!"

तो बसला. ती शेजारच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं आणि त्या पोराच्या कानाच्या वीतभर अंतरावरून ओरडली. महिन्याभराचं सगळं. तुमच्या कंपनीला लाज नाही, माझ्या पोरीला घराबाहेर काढायला निघालात, आग लागो तुमच्या यंत्राला. ओरडता ओरडता तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आवाज फाटला.

तन्मय हसून म्हणाला, "तुमचं वाईट वाटणं मी समजू शकतो, मॅडम."

ती थांबली.

"मी आत्ता कशी बोलले?"

"छान. म्हणजे, नाराज आहात हे कळलं. पण छान समजावून बोललात."

मग त्याने सांगितलं. सांगताना तो जरासुद्धा ओशाळला नाही, उलट अभिमानाने सांगत होता. भांडण ऐकताना चालक ब्रेक उशिरा दाबतो असं कंपनीला चाचण्यांत दिसलं होतं. म्हणून चालकाच्या सीटला ही सोय. माणूस चिडला की त्याचा आवाज उंच होतो, वेग वाढतो, अक्षरांना धार चढते, गळा थरथरतो. यंत्र एवढंच काढून घेतं. शब्दांना हात लावत नाही. "एकही शब्द बदलत नाही, मॅडम. ते आमचं तत्त्व आहे. फक्त धार काढतो."

"आणि रडणं?"

"रडण्यात शब्द नसतात ना. ते नॉइजमध्ये जातं. ते ऐकूच येत नाही."

"हे सगळं गाडीत आपोआप चालू असतं?"

"थोडं असतंच. पण तुमच्या गाडीत पूर्ण आहे. डिलिव्हरीच्या दिवशी मी सरांना विचारलं होतं, चालकाची शांतता किती ठेवू? सर म्हणाले, होईल तेवढी वर ने."

एकही शब्द बदलत नाही म्हणे! जळो ते तत्त्व. आपल्याकडे 'नको' या शब्दाची किंमत काय, ते पंगतीत जेवलेल्या कुणालाही विचारा. हळू आवाजात नको म्हटलं की वाढणारा आणखी दोन जिलब्या टाकतो. हळू नको म्हणजे लाजेने म्हटलेलं हो. कुणालाही खरोखर नको असेल तर तो ताटावर आडवा पडतो, आवाज चढवतो, प्रसंगी चिडतो, तेव्हा कुठे वाढप्या पुढे सरकतो. सान्वी बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि तिच्या बापाच्या कानात पडत होतं पंगतीतलं नको. मग त्याने आग्रह केला. घोडे आहेत, तलाव आहे, एकदा बघ तरी. या असल्या आग्रहात पोरीचा प्रवेश होऊन गेला होता.

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. आत्या आल्या, मावशी आली, सान्वीला ओवाळणं, आबांचं तिला जवळ बसवून घेणं. हर्षदाला त्या घरात ओरडायला जागा नव्हती. स्वयंपाकघरात तिने संग्रामचा दंड धरला, "अहो, मला तुमच्याशी बोलायचंय." तो म्हणाला, "उद्या गाडीत बोलू की निवांत."

गाडीत! तिने तोंडात पदर कोंबला.

सकाळी तिघं निघाली. कागल गेलं, निपाणी गेलं. हर्षदा ओरडून बघत होती, गाडी थांबव म्हणत होती, तिचा तिलाच आवाज सहन होईना. संग्राम म्हणाला, "थांबू की गं, पुढे चहाला." यंत्राचं सांगितलं, तर "विचारू त्या पोराला नंतर" म्हणून मंद हसला. दोन वेळा तिने त्याचा दंड हलवला, तर "अगं, वेग बघ किती आहे" म्हणून त्याने हात बाजूला केला. तवंदी घाटाचा चढ लागला तेव्हा तिने ओरडणं सोडलं.

"मला उलटी होतेय," ती म्हणाली.

गाडी लगेच थांबली. कातडी सीट होत्या ना.

ती खाली उतरली, दार आपटलं आणि बोनेटला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली, त्याचं दार उघडलं आणि शर्टाला धरून त्याला त्या उशीपासून ओढून बाहेर काढलं आणि तेही दार लावून टाकलं. रस्त्याच्या कडेला धूळ, ट्रकांची घरघर, उन्हाचा तडाखा. सान्वीही उतरून गाडीला टेकून उभी राहिली.

"आता ऐक!" हर्षदा म्हणाली, आणि तिने ऐकवलं. पिकअपमध्ये ऐकवलं होतं ते काहीच नव्हतं. तन्मयने सांगितलेलं सगळं सांगितलं. शब्द कसे ठेवतात आणि धार कशी काढतात, रडणं कुठल्या रकान्यात टाकतात ते. घाट चढणारे ट्रकवाले वळून वळून बघत होते. संग्राम आधी रागावला, मग "हळू बोल, लोक बघतायत" म्हणाला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"तुझं थोडं कमी ऐकू येईल एवढं माहीत होतं. पुढे तूच शांत झालीस असं वाटायला लागलं." त्याची मान खाली होती. "दिवसभर भट्टीपाशी आरडाओरडा, घरी आबांचं टेन्शन. अर्धा तास शांत मिळतो म्हटल्यावर... भांडण जरा गोड झालं तर काय बिघडलं असं वाटलं मला. सान्वीचं मला माहीत नव्हतं. शपथ सांगतो, पोरीचं माहीत नव्हतं."

"शांत! अरे, माझं भांडण गोड करून खात होतास तू! घरात तोंड उघडायचं नाही, गाडीत उघडलं तर तू ते पुसून टाकणार, मग मी कुठे बोलायचं? विहिरीत तोंड घालून?"

तो सान्वीकडे वळला. गुडघ्यावर बसला, तिचे दोन्ही हात धरले. "चुकलं माझं, बाळा. आपण परत फिरतोय. नाही पाठवत तुला. तू नको म्हणत होतीस ते मला नीट ऐकूच आलं नाही गं."

सान्वीने हात सोडवून घेतले. जोराने नाही, सहज.

"मला आरशात तुमचं तोंड दिसायचं, बाबा," ती म्हणाली. "मी रडत असायचे आणि तुम्ही गाणं गुणगुणत असायचात. बोटांनी ताल धरून. रोज."

"अगं पण ते..."

"आई ओरडायची आणि तुम्ही हसायचात. मी मागून सगळं बघायचे. मग मला कळलं की तुम्हाला आम्ही दोघी नुसत्या गाडीत बसायला लागतो." तिच्या आवाजात ना राग होता, ना पाणी. मोकळ्या हवेत, कुठल्याही यंत्राशिवाय, तो तेवढाच सपाट होता. "मी गेल्या आठवड्यातच ठरवलं. मला जायचंय. खरंच जायचंय. आता परत नको फिरायला."

हर्षदाने पोरीच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. कुठेतरी हुंदका अडकला असेल, रुसवा असेल, आईने ओढून घेतलं की विरघळेल असं काहीतरी असेल. काही नव्हतं. पोरीने रडून रडून ते सगळं संपवून टाकलं होतं, आणि संपवलं तेव्हा तिच्या पुढ्यात तिचा बाप ताल धरत होता. हर्षदाला वाटलं, आपण यायला एक आठवडा उशीर केला. आपण नवऱ्यावर चिडत राहिलो आणि मागे वळून बघितलं नाही. मग तिला स्वतःचाही संताप आला.

"उशीर होतोय," सान्वी म्हणाली. ती आत जाऊन मागच्या सीटवर बसली. दार मऊ लागलं, महागड्या गाड्यांची लागतात तसं, आणि आतून कुलूप पडल्याचा बारीक आवाज आला.

संग्राम उठला. त्याने काचेवर हात मारला. "सान्वी! सान्वी, बाळा, ऐक ना! नाही पाठवायचं मला तुला! सान्वी!" लग्नानंतर पंधरा वर्षांत हर्षदाने त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. गळा चिरत होता, धाप लागली होती, डोळ्यांतून नाकातून पाणी वाहत होतं. तो काचेला गाल लावून ओरडत होता. आत सान्वीने पट्टा लावला, केस कानामागे सारले आणि समोर बघत बसली. ती काच दुहेरी होती.

संग्रामने वळून बायकोकडे बघितलं.

"अजून जोरात," हर्षदा म्हणाली. "तिला ऐकू येत नाहीये."